टीव्हीवर घातलेली खोळ

कुलपाची जाहिरात असते. कुलूप मजबूत आहे, चोराच्या बापाला तुटत नाही, एवढं सांगावं आणि घरी जावं. पण नाही. ओल्या केसांची एक बाई येते, किल्ली गळ्यावरून खाली फिरवते आणि ओठ चावते. मी जन्मभर कुलपं उघडत आले. दोन्ही हातांत पिशव्या असतात, किल्ली नेमकी तळाशी गेलेली असते आणि शेजारीण जिन्यात उभी राहून आजच का उशीर झाला ते विचारत असते. ओठ चावायला सवड कुणाला असते?

तसंच टायरचं, तसंच रंगाच्या डब्याचं. मलमाच्या जाहिरातीत तर दुखतं बाईचं डोकं आणि कॅमेरा फिरतो भलतीकडेच. विकायचं एक आणि दाखवायचं दुसरं, हा धंदा मला कधी पटला नाही. आमच्या दुकानात कापूस सांगून चिंध्या भरल्या असत्या तर लोकांनी आम्हाला कधीच हाकललं असतं. टीव्हीवाल्यांना मात्र कुणी हाकलत नाही.

म्हणून मी घरापुरता नियम केला. जाहिरात लागली की आधी आवाज बंद आणि मग टीव्हीवर खोळ. आम्ही गादीवाले, खोळींना आमच्याकडे काय तोटा. निळ्या पट्ट्यांच्या उरलेल्या कापडाची एक खोळ मी टीव्हीच्या मापाने शिवली आणि माझ्या खुर्चीच्या हातावर टाकून ठेवली. घरी नवा माणूस आला की त्याला वाटायचं, यांच्या टीव्हीला थंडी वाजते. शेजारीण म्हणायची, सेन्सॉरबाई, झाल्या का जाहिराती? हसणारे हसोत. आमच्या घरात ती घाण शिरत नव्हती, आणि त्याचा मला ताठा होता. खोटं कशाला बोलू.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं दुकान रस्त्याला उघडं आहे. मागे पिंजायचं यंत्र, मध्ये टाके घालणाऱ्या बायका आणि पुढे, उजेडात, लाकडी चौथरा. गादी भरून, शिवून झाली की चौथऱ्यावर टाकायची आणि घरातल्या एका बाईने तिच्यावर आडवं व्हायचं. आधी उताणं, मग या कुशीवर, मग त्या कुशीवर. डोळे मिटायचे आणि श्वास पूर्ण सोडायचा, म्हणजे अंगाचा भार आपोआप खाली जातो आणि कापसात कुठे गाठ राहिली असेल तर ती पाठीला सांगते. सापडली की डोळे न उघडता तिथे बोट ठेवायचं. टाकेवाली खडूने खूण करते, शिवण उसवते, गाठ मोकळी करते. याला आम्ही पाठ टेकणं म्हणतो. गिऱ्हाईक समोर उभं राहून बघतं आणि गादी घेऊन जातं. सासूबाईंनी हे केलं, त्यांच्यानंतर मी केलं. माझी कंबर धरली तेव्हा थोरल्या सुनेला निजवून बघितलं, तर ती खरंच झोपली. मुलांना सांगून उपयोग नव्हता. पुरुषाला आडवं केलं की तो घोरतो, त्याला गाठ कसली कळते.

धाकटी सून आली आणि प्रश्न मिटला. पहिल्याच गादीवर तिने बोट ठेवलं, उसवून बघितलं तर आत दोऱ्याचा गुंता. बोलायला कमी, पण पाठ अशी की काय सांगू. मी तिचं तोंडावर कधी कौतुक केलं नाही. सुनेचं कौतुक तोंडावर करू नये, चढतात. पण त्या दिवसापासून तिच्या हाताखालून गेलेली एकही गादी परत आली नव्हती.

मग चौकात फोमच्या गाद्यांचं मोठं दुकान झालं, काचांचं, आत गार वारा. धाकटा मुलगा कावराबावरा झाला. म्हणाला, आपणही जाहिरात करू, गावच्या चॅनेलवर. मी म्हटलं कर, पण खरी कर. बाई नाचवायची नाही. आपण काय करतो ते दाखव, लोकांना डोळे आहेत. तो हो म्हणाला. आईला हो म्हणायला काय जातं.

चॅनेलवाला आला. चॅनेल त्याचं, कॅमेरा त्याचा, जाहिराती बनवणाराही तोच. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, तरी दिसायचं नाही ते नाहीच. पिंजणं दाखवलं, त्याने जांभई दिली. टाके दाखवले, त्याने फोन बघितला. मग धाकटी चौथऱ्यावर आडवी झाली आणि हा माणूस जागा झाला. पुन्हा करा म्हणाला. ती लाजत होती, म्हणजे काम करताना नव्हे, कॅमेऱ्याला लाजत होती. तेव्हा मीच तिला म्हणाले, सावकाश कूस बदल, घाई करू नकोस, सगळ्यांना नीट दिसू दे.

माझ्या मनात दुसरं काही यायचं कारणच नव्हतं. आचारी पळी जिभेला लावतो तेव्हा त्याला कुणी हावरट म्हणतं का? आमच्याकडे आडवं होणं म्हणजे उभं राहून काम करण्याइतकंच काम.

त्यानंतर मी धाकट्याला अधूनमधून विचारायची, लागली का रे जाहिरात? तो म्हणायचा, अजून नाही, अजून काम चाललंय. मी म्हणायची, लागणार असेल तेव्हा सांग, त्या दिवशी खोळ घालणार नाही. तो बरं म्हणायचा आणि फोनमध्ये डोकं घालायचा.

गल्लीत एक गाणं सुरू झालं होतं. गाणं कसलं, नुसती शीळ आणि मध्ये एक सुस्कारा. बसथांब्यावरची पोरं म्हणायची, सायकलवरून जाणारा दूधवाला म्हणायचा. मला वाटलं नव्या सिनेमातलं असेल. चाल कानात बसली होती. एकदा टाके तपासता तपासता मीच ती गुणगुणले. धाकटी हातातलं काम टाकून आत निघून गेली. मी टाकेवालीला म्हटलं, हिला काय झालं? टाकेवालीने सुईत दोरा ओवायला घेतला, आणि सुई आधीच ओवलेली होती.

मग एक गादी परत आली.

गिऱ्हाईक जुनं होतं, सभ्य होतं. म्हणाले, काकू, रागावू नका, पण डाव्या खांद्याखाली काहीतरी टोचतं. मी त्यांना म्हटलं, तुमचा खांदा तपासून घ्या. ते गेल्यावर गादीवर हात फिरवला, मग तळवा दाबला. गाठ होती. लिंबाएवढी. आमच्या दुकानातून लिंबाएवढी गाठ बाहेर जाते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

मी धाकटीला हाक मारली. ती आतल्या खोलीत होती, दार लोटून. जमिनीवर गादी पसरलेली आणि ती शेजारी गुडघ्यांवर बसून नुसत्या हाताने चाचपत होती. मी विचारलं, हे काय, पाठ कुठे गेली? ती म्हणाली, कंबर दुखते. मी म्हटलं, कंबर माझी दुखते, तुझी नाही, खरं सांग. ती गादीची कड दुमडत राहिली.

"आई," ती शेवटी म्हणाली, "आज संध्याकाळी खोळ घालू नका."

एवढंच बोलली.

संध्याकाळी बातम्या लागल्या. धाकटी भिंतीशी बसली होती. धाकटा माझ्याआधी येऊन बसला होता, आणि जाहिरात आली तशी त्यानेच खोळ उचलली. एरवी पाणी द्यायला न उठणारा मुलगा. मी म्हटलं, ठेव ती. तो म्हणाला, आई, तुला त्रास होईल. मी म्हटलं, ठेव.

आधी कुलूपवाली आली, ओठ चावून गेली. मग ती शीळ सुरू झाली.

आमचा चौथरा होता, पण अंधार केलेला. आमच्या दुकानात एवढा अंधार कधी नसतो. कॅमेरा पायांकडून वर चढत होता, गोगलगायीसारखा. धाकटी कूस बदलत होती, पण इतकी हळू की ते माणसाचं कूस बदलणं राहिलंच नव्हतं. तिचे मिटलेले डोळे मोठे करून दाखवले. तिने सोडलेला श्वास, जो ती भार खाली जावा म्हणून सोडते, तो लांबवला, वर वाजवला, पुन्हा पुन्हा वाजवला. आणि एक पुरुषी आवाज घोगरा होऊन म्हणाला, आमच्या गादीवर झोपायचं कुणाला असतं? खाली आमच्या दुकानाचं नाव आणि माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेली खूण.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, जग बघत नाही. आमचं त्याहून वाईट झालं. अख्खं गाव बघत होतं आणि मांजराच्या घरात टीव्हीला खोळ होती. खोळीने गावात काही थांबलं नव्हतं. फक्त आम्हाला कळायचं थांबलं होतं, आणि माझ्या मुलाने त्या खोळीचा आडोसा करून घेतला होता.

मी त्याला विचारलं, तुला ठाऊक होतं? होतं. त्याने चॅनेलवाल्याकडे आधीच बघितली होती. त्यालाही थोडी कशीतरी वाटली म्हणे, पण चॅनेलवाला म्हणाला की ही तर सौम्य आहे, कुलूपवाली बघा. आणि आई, दुकानात माणसं येतायत की नाही? मी म्हटलं, माणसं येतायत, पण गाद्या बघायला येतायत का? तो बायकोकडे वळून सगळ्यात वाईट वाक्य बोलला, आणि त्याला ते वाईट आहे हेही कळलं नाही.

"तू कुठे काही केलंस? तू तर नुसती आडवी झाली होतीस."

ती हळूच म्हणाली, "मी काम करत होते."

आणि उठून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. मी त्याला बोलले, पुष्कळ बोलले, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मी त्याला जेव म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चॅनेलवाल्याकडे गेले. जिना चढून, कंबर धरून. त्याच्या खोलीत थंडगार हवा आणि भिंतभर टीव्ही. त्याने बसा आजी म्हटलं, मी बसले नाही. जाहिरात काढ म्हटलं. तो गोड बोलतो. म्हणाला, आजी, लोकांना आवडतं ते आम्ही दाखवतो, नाही आवडलं तर बटण आहे की. आणि असं दाखवू नये असा नियम कुठे लिहिलाय? मी म्हटलं, दुसऱ्याच्या ताटात थुंकू नये असंही कुठे लिहिलेलं नाही, तरी तू थुंकत नाहीस. तो हसला. मग त्याने एक बटण दाबलं.

भिंतीवरून माझाच आवाज आला. सावकाश कूस बदल, घाई करू नकोस, सगळ्यांना नीट दिसू दे.

"तुम्हीच सांगितलंत," तो म्हणाला.

मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात मला उत्तर सुचलं नाही असे प्रसंग फार आलेले नाहीत, त्यामुळे तेव्हा काय करतात ते माहीत नव्हतं. मी जिना उतरले. अर्ध्या जिन्यात उत्तर सुचलं, पण तोवर तो वर होता आणि माझे गुडघे खाली निघाले होते. उत्तर हे होतं की मी नीट दिसू दे म्हटलं होतं, आणि तू नीट सोडून सगळं दाखवलंस.

पण मला राग आला तो स्वतःचं तोंड बंद झाल्याचा नाही. घरी आले तर धाकटी दार लोटून हाताने गाद्या चाचपत होती. हिची पाठ गेली तर आमच्या दुकानात उरलं काय? आणि दुकान गेलं चुलीत, ती स्वतःच्या अंगाला घाबरायला लागली होती. रस्त्याने जाताना हात छातीशी घट्ट धरून चालायची, जणू अंग कुणाचं तरी उसनं आणलंय आणि सांभाळून परत करायचंय. ते तिचं तिला परत मिळायला हवं होतं.

त्याच दिवसांत नगरसभेने लोकांना बोलावलं होतं. गावच्या चॅनेलवरच्या असल्या जाहिराती बंद करायच्या की त्यांना नियम लावायचे, ज्याला जे वाटतं ते त्याने येऊन सांगावं. बोलावणारे होते हेडमास्तर, आता नगरसभेचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाले पण छडी हातातून गेली नाही, आता ती गावावर चालते. मला वाटलं, चला, कुणीतरी शहाणं माणूस बोलेल. धाकट्याला म्हटलं, ती परत आलेली गादी डोक्यावर घे आणि चल. तो म्हणाला, भर रस्त्यातून? मी म्हटलं, तुझ्या बायकोला भर गावात नेलंस, तुला गादी जड होते? त्याने घेतली. धाकटीला मी ये म्हटलं नव्हतं. तिची तीच मागून आली, चार पावलं सोडून.

सभागृह भरलं होतं. चॅनेलवाला आधी बोलला. बंदी आणली तर आज जाहिरात जाईल, उद्या बातमी जाईल, परवा तुमचं बोलणं जाईल. त्यात तथ्य नव्हतं असं नाही, पण लबाडाच्या तोंडून खरं ऐकलं की तेही आंबट लागतं. मग हेडमास्तर उठले. सगळ्यावर बंदी, म्हणाले. जाहिरातीत बाईच नको. माझी मान हलायला लागली होती, बरोबर म्हणायला. पण ते पुढे गेले. म्हणाले, दोष फक्त चॅनेलचा नाही. काही घरांतल्या स्त्रिया भर रस्त्यावर, उघड्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर आडव्या होतात. मग कॅमेऱ्याने काय करावं? आधी त्या घरांनी पडदा लावावा.

माझी मान तिथेच थांबली.

लोक वळून आमच्याकडे बघायला लागले. मागच्या रांगेतून कुणीतरी ती शीळ घातली आणि दोघेतिघे हसले. मी वळून धाकटीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि मला त्या सभागृहात रडायचं नव्हतं.

मी उठले. धाकट्याला म्हटलं, टाक ती गादी इथे, मधोमध. त्याने टाकली. हेडमास्तर म्हणाले, बाई, हे काय चाललंय. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या घरची गादी माझ्या पाठीखालून गेलेली आहे, तेव्हा पडदा नव्हता, तुम्ही समोर उभे राहून घासाघीस करत होतात. लोक हसले. आता हसणं दुसऱ्या बाजूला होतं.

मग मी आडवी झाले. गुडघे कुरकुरले, एक हात जमिनीला टेकवून आधी बसले, मग पाठ. केस पांढरे, पोट सुटलेलं, पायात लोकरीचे मोजे. डोळे मिटले आणि श्वास सोडला, सगळा. मग चॅनेलवाल्याला म्हटलं, लाव आता तुझी शीळ. त्याने लावली नाही. शीळ घालणारे मागच्या रांगेतलेही गप्प होते. मी डाव्या कुशीवर वळले, सावकाश, माझ्या कमरेला दुसरं जमतही नाही. म्हटलं, मला बघून कुणाला काही होतंय का? नाही ना. माझ्या सुनेने केलं ते हेच, बोटभरही वेगळं नाही. घाण आडवं होण्यात नव्हती. ती नंतर वरून ओतली. ज्याने ओतली तो खुर्चीवर बसलाय आणि जिच्यावर ओतली तिने पडदा लावायचा, होय?

चॅनेलवाला म्हणाला की आजींनी स्वतः सांगितलं होतं दाखवा म्हणून, माझ्याकडे आवाज आहे. सभेत कुजबुज झाली. मी आडवी, उठायचं तर दोघं लागणार, आणि तोंडात तीच जिन्यातली पोकळी. तेवढ्यात पावलं ऐकू आली. धाकटी माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली.

"त्यांना विचारलंत," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला दाखवलीत. गावाला दाखवलीत. त्यात मी आहे, आणि मला कुणी विचारलं नाही. बनवून झाल्यावर आधी मला दाखवली असती तर मी नाही म्हटलं असतं. तेवढा एक नियम करा. ज्याचं अंग आहे त्याने आधी बघायचं, आणि त्याने हो म्हटलं तरच गावाने बघायचं."

तिला एवढं सलग बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. मग ती खाली बसली, माझ्या डाव्या खांद्याखाली हात घातला आणि हळूच म्हणाली, आई, गाठ इथे आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे, टोचतेय केव्हाची, उठव मला.

दोघांनी मला उठवलं, एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने धाकटा. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पण माझ्या पाठीमागे दोघांचे हात एकमेकांना लागत होते, आणि तिने तिचा काढून घेतला नाही.

आता तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नियम झाला. तर ऐका काय झालं. हेडमास्तर चारचौघांना घेऊन शेजारच्या खोलीत गेले, चहा झाला, बिस्किटं झाली, आणि बाहेर येऊन त्यांनी निर्णय वाचला. आमच्या गादीची जाहिरात बंद. इथवर ठीक. आणि यापुढे गावच्या चॅनेलवर स्त्रीला आडवी दाखवायची नाही. आणि दुकानदारांनी अशी कामं आडोशाला करावीत, अशी विनंती. धाकटीचा नियम? तो लिहायला अवघड आहे म्हणे. ज्याचं अंग त्याने बघायचं, यात अवघड काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, तरी एका ओळीत लिहून दाखवीन.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि गंमत बघा, कुलूपवाली आजही बातम्यांच्या मध्ये येते आणि ओठ चावून जाते. तिला कुणी हात लावला नाही. कारण ती उभी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर धाकट्याने चौथऱ्यासमोर पडदा टांगलेला. त्याच निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा. बिचाऱ्याला वाटलं, बायकोला बरं वाटेल. मी तोंड उघडणार होते, पण धाकटी जिन्यावरून येत होती, म्हणून मिटलं. हे तिचं होतं, तिनेच ठरवायचं. मी सुईदोऱ्याच्या डब्यात उगाच काहीतरी शोधत राहिले.

ती पडद्यासमोर थांबली. कापड बोटांत धरून बघितलं, जसं आम्ही कापड बघतो, वीण कशी आहे ते. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे चांगलं कापड आहे. एका गादीची खोळ होईल." त्या संध्याकाळनंतरचं तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं. त्याने स्टूल आणलं आणि पडदा उतरवला. तिने घडी घालून टाकेवालीकडे दिला.

मग ती परत आलेली गादी चौथऱ्यावर आली. रस्ता चालू झाला होता. बसथांब्यावर तीच पोरं होती. एकाने शीळ सुरू केली. मी पिंजायची काठी हातात घेतली आणि दुकानाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. मारायला नाही, पण त्याला ते कुठे ठाऊक होतं. अर्ध्यावर शीळ विरली.

धाकटीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती चौथऱ्यावर चढली, उजेडाकडे पाय करून आडवी झाली, डोळे मिटले आणि श्वास सोडला. मग डाव्या कुशीवर वळली, तिच्या नेहमीच्या वेगाने. बोट गादीवर टेकलं.

"खडू द्या," ती म्हणाली. "इथे आहे. आणि इथे अजून एक आहे, आई, ही तुम्हाला काल सापडली नाही."